डोळ्यांदेखत झालेला खून

रोममधली रात्र. सॅम दाल्मास नावाचा अमेरिकन लेखक एकटाच घरी चालला आहे. रस्त्यापलीकडे एक आर्ट गॅलरी. तिची दर्शनी बाजू वरपासून खालपर्यंत काचेची, आत पांढराशुभ्र उजेड. त्या उजेडात त्याला दोन आकृत्या झटापट करताना दिसतात. एक काळ्या रेनकोटात, दुसरी पांढऱ्या कपड्यातली बाई. सुरा चमकतो. सॅम धावत रस्ता ओलांडतो, काचेच्या पहिल्या दारातून आत शिरतो, पण आतलं दुसरं दार उघडत नाही आणि मागे वळेपर्यंत पहिलंही बंद झालेलं असतं. दोन काचांच्या मधे तो कोंडला जातो. बाई रक्ताळलेलं पोट धरून फरशीवरून त्याच्या दिशेने सरपटत येते, हात पुढे करते. तिचं ओरडणं त्याला ऐकू येत नाही. बाहेरून जाणाऱ्या माणसाला तो हातवारे करून पोलिसांना बोलवायला सांगतो, तर त्याचंही बोलणं त्या माणसाला ऐकू जात नाही. हताश होऊन पाहत राहण्याखेरीज सॅमच्या हातात काही उरत नाही.

‘स्फटिकी पिसांचा पक्षी’ या चित्रपटातला हा सुरुवातीचा प्रसंग आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये तो इटलीत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तो तेव्हा २९ वर्षांचा होता आणि त्याचा हा पहिलाच चित्रपट. बाई वाचते. पोलीस अधिकारी सॅमचा पासपोर्ट काढून घेतो, कारण तोच एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. पुढचा सगळा चित्रपट सॅमच्या डोक्यात रुतून बसलेल्या एका कुसळाभोवती फिरतो: त्या रात्री आपण जे पाहिलं त्यात काहीतरी जुळत नव्हतं. काय, ते त्याला आठवत नाही. तो प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येतो, आपल्यालाही पुन्हा पुन्हा दाखवला जातो, आणि शेवटी कळतं की काचेआड घडलेलं सगळं आपण नीट पाहिलं होतं, अर्थ मात्र उलटा लावला होता.

इटलीच्या या खूनपटांना जगभरचे चाहते जाल्लो म्हणतात. काळे हातमोजे, वस्तरा, भडक रंग, उंची घरं, देखण्या नट्या आणि अंगाईसारखं सुरू होऊन अंगावर येणारं संगीत, ही त्यांची सगळ्यांना माहीत असलेली ओळख. एवढ्यावरच लोक भुलले असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही. जाल्लोची खरी ओढ साक्षीत आहे. डोळ्यांदेखत घडलेली गोष्टसुद्धा माणसाला कळत नाही, ही भीती त्याच्या मुळाशी आहे. आणि इटलीने ती भीती पडद्याबाहेरही भोगली होती.

सुरुवात पुस्तकांपासून झाली. मिलानच्या मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली रहस्यकादंबऱ्यांची मालिका काढली आणि तिला पिवळी मुखपृष्ठं दिली. पिवळ्याला इटालियनमध्ये जाल्लो म्हणतात. काही वर्षांतच तिथे कुठल्याही रहस्यकथेला जाल्लो म्हणायची पद्धत पडली, आजही तीच आहे. पहिल्या पुस्तकांत एस. एस. व्हॅन डाइन आणि एडगर वॉलेस होते. म्हणजे खून न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये व्हायचे. ते मुसोलिनीच्या राजवटीला सोयीचंच होतं. फॅसिस्ट इटलीत सगळं सुरळीत आहे असं दाखवायचं असल्यामुळे वर्तमानपत्रांतल्या गुन्ह्यांच्या बातम्याही आखडत्या घ्यायला लावल्या जात. इटालियन लेखकाने इटालियन शहरातला खून लिहिणं हे राजवटीच्या डोळ्यांत खुपणारं होतं. तरी काहींनी लिहिलं. ऑगुस्तो दे आंजेलिस याने मिलानमधला दे व्हिन्चेन्झी हा पोलीस अधिकारी उभा केला, हळव्या मनाचा, पुस्तकं वाचणारा. १९४१ मध्ये मोन्दादोरीची मालिका बंद करायला लावली गेली. दे आंजेलिसला फॅसिस्टविरोधी म्हणून तुरुंगात टाकलं. सुटल्यावर १९४४ मध्ये एका फॅसिस्टाने त्याला मारहाण केली आणि त्यातच तो गेला. नुसत्या करमणुकीच्या म्हणून गणल्या गेलेल्या या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात ही एक हकिगत आहे आणि ती विसरता कामा नये.

युद्धानंतर मालिका पुन्हा सुरू झाली, स्टेशनांवरच्या स्टॉलवर पिवळी पुस्तकं पुन्हा दिसू लागली. पण पडद्यावर त्यांना यायला १९६३ उजाडलं.

मारिओ बाव्हा हा मूळचा कॅमेरामन. त्याचे वडील एउजेनिओ मूकपटांच्या जमान्यात चित्रचमत्कृती करायचे. मारिओ त्यांच्याच हाताखाली शिकला. काच, आरसे, रंगीत कागद, पुठ्ठा यांतून वाटेल ते उभं करण्याची त्याची हातोटी अशी होती की दुसऱ्यांचे अडकलेले चित्रपट पुरे करायला निर्माते त्याला बोलावत. १९६३ मध्ये त्याने ‘फार जाणणारी मुलगी’ हा कृष्णधवल चित्रपट केला. नावातच हिचकॉकची आठवण आहे. नोरा ही अमेरिकन तरुणी विमानातून रोमला येते तेव्हा तिच्या हातात असतं पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक. जिच्या घरी ती उतरते ती म्हातारी बाई त्याच रात्री मरते. घाबरून नोरा बाहेर पडते, स्पॅनिश पायऱ्यांपाशी चोर तिची पर्स हिसकावतो, ती पडून बेशुद्ध होते. अर्धवट शुद्धीत तिला दिसतं की पाठीत सुरा असलेली एक बाई कोसळते आहे. सकाळी तिथे प्रेत नाही, रक्ताचा डाग नाही. ती सांगते ते कुणीच खरं मानत नाही. खूनकथा वाचून डोकं फिरलंय, असं सगळ्यांचं मत.

पुढच्या सगळ्या जाल्लोंचा सांगाडा इथे तयार आहे: परक्या शहरातला परका माणूस, अपघाताने पाहिलेला खून, न पटणारी साक्ष आणि हात वर केलेले पोलीस. चित्रपट फारसा चालला नाही. बाव्हा थांबला नाही. पुढच्याच वर्षी त्याने ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’ केला, या वेळी रंगीत.

हा चित्रपट मी आजही विद्यार्थ्याच्या नजरेने पाहतो. रोममधलं एक फॅशन हाऊस, तिथल्या एकेका मॉडेलचा खून होतो. एका मेलेल्या मुलीची डायरी सगळ्यांना हवी आहे, कारण प्रत्येकाचं काही ना काही लफडं तिच्यात नोंदलेलं आहे. खुनी टोपी घालतो, रेनकोट घालतो आणि चेहऱ्यावर कापड ओढून घेतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, चेहराच नाही. रात्री जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलेल्या मुलीचा प्रसंग पाहावा. बाहेरची निऑनची पाटी उघडझाप करते आहे आणि तिच्या तालावर दुकानातले पुतळे, झुंबरं, आरसे हिरवे-जांभळे होऊन पुन्हा अंधारात बुडतात. दर उजेडाला आपण डोळे ताणून बघतो की मघाशी तिथे ती आकृती होती का. बाव्हाने सगळं भय त्या उघडझापीत ठेवलं आहे. पैसा इतका कमी होता की कॅमेरा फिरवायला लहान मुलांची खेळण्यातली गाडी वापरली असं सांगतात. पडद्यावर मात्र मखमल, संगमरवर आणि श्रीमंती दिसते. पिवळ्या पुस्तकांतलं कोडं मागे पडून खुनाचा देखावाच पुढे आला तो या चित्रपटात. जाल्लोचं सौंदर्य आणि जाल्लोचं पाप, दोन्ही इथून सुरू होतात. पापाकडे मी पुढे येणार आहे.

बाव्हाने वाट काढली, पण त्या वाटेवर गर्दी जमली ती आर्जेन्तोमुळे. वडील साल्वातोरे निर्माते, आई एल्दा लुक्सार्दो छायाचित्रकार. मुलगा ‘पाएझे सेरा’ या रोमच्या सायंदैनिकात चित्रपट परीक्षणं लिहायचा. सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची कथा रचायला लिओनेसोबत बर्नार्दो बेर्तोलुच्ची आणि हा आर्जेन्तो बसले होते. पहिल्या चित्रपटासाठी त्याने फ्रेडरिक ब्राउनच्या एका अमेरिकन कादंबरीचा धागा उचलला, छायाचित्रणासाठी व्हित्तोरिओ स्तोरारोला घेतलं आणि संगीतासाठी एन्निओ मोरिकोनेला. तरी वितरक गोफ्रेदो लोंबार्दो सुरुवातीचं चित्रीकरण पाहून नाराज झाला, त्याला दिग्दर्शक बदलायचा होता. वडील बोलायला त्याच्या कचेरीत गेले तेव्हा बाहेर बसलेली सेक्रेटरी थरथरत होती. काय झालं विचारल्यावर ती म्हणाली की तुमच्या मुलाच्या चित्रपटाचे तुकडे पाहिले तेव्हापासून भीती जात नाही. लोंबार्दोने हे ऐकलं आणि हट्ट सोडला. ही हकिगत स्वतः आर्जेन्तो वर्षानुवर्षं सांगत आला आहे.

आता १९७० च्या त्या फेब्रुवारीत इटलीत काय चाललं होतं ते पाहू. दोन महिन्यांपूर्वी, १२ डिसेंबर १९६९ च्या दुपारी, मिलानच्या पियात्सा फोन्ताना या चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला होता. १७ माणसं मेली, ऐंशीहून अधिक जखमी झाली. पोलिसांनी लगेच अराजकतावाद्यांची धरपकड सुरू केली. तीन दिवसांनी जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार पोलीस कचेरीच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडून मेला. त्या वेळी त्याची चौकशी चालू होती. त्याच दिवशी पिएत्रो व्हालप्रेदा या बॅले नर्तकाला अटक झाली. त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा होता एका टॅक्सीवाल्याची साक्ष: बॅग घेतलेल्या या माणसाला मी बँकेजवळ सोडलं. ओळखपरेडच्या आधी त्या टॅक्सीवाल्याला व्हालप्रेदाचं छायाचित्र दाखवलेलं होतं, हे नंतर बाहेर आलं. व्हालप्रेदा तीन वर्षं तुरुंगात राहिला आणि पुढे निर्दोष सुटला. बॉम्ब ठेवणारे अतिउजवे होते. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्यांतल्या दोघांची जबाबदारी नोंदवली, पण आधीच्या खटल्यात ते कायमचे निर्दोष सुटले असल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

आर्जेन्तोची कथा बॉम्बस्फोटाच्या आधीच लिहून झाली होती, तेव्हा एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही. पण प्रेक्षक तिकीट काढून आत शिरला तो पिनेल्ली आणि टॅक्सीवाला यांच्या बातम्या वाचूनच. मी पाहिलं म्हणणारा साक्षीदार, त्याचा पासपोर्ट दाबून ठेवणारा अधिकारी, त्याच्या समोर ओळीने उभे केलेले संशयित, हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. त्याच फेब्रुवारीत एलिओ पेत्रीचा ‘संशयापलीकडच्या नागरिकाची चौकशी’ लागला होता. त्यात खून करणारा स्वतःच पोलीस अधिकारी असतो, स्वतःविरुद्धचे पुरावे स्वतःच पेरतो आणि तरी कुणी त्याला धरत नाही. संगीत पुन्हा मोरिकोनेचंच. पेत्रीच्या चित्रपटाला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि समीक्षकांनी त्याचं राजकारण उलगडून सांगितलं. आर्जेन्तोच्या चित्रपटाला त्यांनी थरारपटांच्या खणात टाकलं. मला दोन्ही चित्रपट एकाच हवेतले वाटतात.

‘पक्षी’ हळूहळू तोंडी प्रसिद्धीवर चढत गेला, आणि मग इटालियन धंद्याची रीत सुरू झाली. एखादी खाण लागली की ती संपेपर्यंत सगळ्यांनी उपसायची. १९५८ नंतर हर्क्युलिसचे पौराणिक पट असेच निघाले होते, १९६४ नंतर वेस्टर्न. आता जाल्लो. नावांत प्राण्यांची रांग लागली: ‘विंचवाची नांगी’, ‘काळ्या पोटाची तारांतुला’, ‘रक्ताळल्या पंखांचं फुलपाखरू’, ‘आगीच्या जिभेची घोरपड’, ‘बाईच्या कातडीतली पाल’. स्वतः आर्जेन्तोनेच १९७१ मध्ये मांजर आणि माशा आणल्या. पश्चिम जर्मनीत एडगर वॉलेसच्या कथांवरचे चित्रपट १९५९ पासून धो धो चालत होते. तिथल्या निर्मात्यांनी पैसा घातला आणि काही जाल्लो जर्मनीत वॉलेसच्या नावावरच खपवले.

हे चित्रपट बघणारं एक मोठं जग होतं. इटलीत मोठ्या शहरातल्या पहिल्या दर्जाच्या थिएटरांनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची थिएटरं असत, गावाकडची, वस्तीतली, स्वस्त तिकिटाची. माणसं कामावरून येऊन चित्रपटाच्या मध्यावरच आत शिरत. पटकथा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून दर काही मिनिटांनी एक असा प्रसंग हवा की बोलणं थांबवून सगळ्यांनी पडद्याकडे बघावं. जाल्लोची कथा ठिगळं लावल्यासारखी वाटते त्याचं निम्मं कारण हे आहे. सर्जिओ मार्तिनोच्या ‘श्रीमती वार्ध’ मध्ये एद्विज फेनेक ही राजदूतावासातल्या नवऱ्यासोबत व्हिएन्नाला उतरते. विमानतळ, पार्ट्या, जे अँड बी व्हिस्कीची बाटली, स्पेनचा समुद्रकिनारा. तिसऱ्या फेरीच्या थिएटरात बसलेल्या माणसाने विमान फक्त आकाशात पाहिलं असेल. आर्थिक भरभराटीची दहा वर्षं होऊन गेली होती आणि त्या भरभराटीत बायका एकट्या राहू लागल्या, नोकऱ्या करू लागल्या; डिसेंबर १९७० मध्ये घटस्फोटाचा कायदाही झाला. जाल्लोत या नव्या सुखवस्तू घरांची हाव आहे आणि त्यांच्याविषयीचा संशयही आहे. नवरा, वकील, डॉक्टर, काउंट, यांतला कुणीही स्वच्छ नसतो.

लुचिओ फुल्ची या दिग्दर्शकाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ‘बाईच्या कातडीतली पाल’ मध्ये त्याने स्वप्नातल्या फाडलेल्या कुत्र्यांचा एक प्रसंग घेतला. तो इतका खरा वाटला की जिवंत कुत्र्यांना छळल्याच्या आरोपावरून प्रकरण कोर्टात गेलं, आणि कार्लो रांबाल्दीला ते यांत्रिक कुत्रे कोर्टात नेऊन दाखवावे लागले. पुढे स्पिलबर्गचा ‘ई.टी.’ घडवला तो याच रांबाल्दीने. पण फुल्चीचा सर्वांत मोठा चित्रपट १९७२ चा, ‘बदकाच्या पिल्लाला छळू नका’. यात चकचकीत शहर नाही. दक्षिण इटलीतलं पांढऱ्या घरांचं डोंगरावरचं खेडं, बाजूने नुकताच झालेला मोठ्या पुलांचा महामार्ग, आणि गावात एकामागून एक लहान मुलांचे खून. गावाला लगेच गुन्हेगार हवा आहे. गावाबाहेर राहणारी, मंत्रतंत्र करणारी माचारा ही बाई पकडली जाते. फ्लोरिंदा बोल्कानने ती केली आहे. मुलांच्या बाहुल्या करून त्यांना सुया टोचल्याचं ती स्वतः कबूल करते, आपल्याच मंत्राने ती मेली असं तिला मनापासून वाटतं. पोलिसांना मात्र कळतं की खुनाशी तिचा संबंध नाही आणि ते तिला सोडून देतात.

मग दफनभूमीतला प्रसंग येतो. गावातले काही पुरुष तिथे तिची वाट पाहत असतात, त्यांच्या हातात साखळ्या. रेडिओ मोठ्याने लावलेला आहे. साखळ्यांचे फटके बसतात आणि त्यावर ओर्नेल्ला व्हानोनीच्या आवाजातलं एक हळुवार प्रेमगीत चालू राहतं. माचारा रक्तबंबाळ होऊन सरपटत महामार्गाच्या कडेला येते, हात वर करते. सुटीवर निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी जवळून जातात, माणसं तिच्याकडे बघतात आणि पुढे निघून जातात. या वेळी साक्षीदारांच्या आणि तिच्या मधे काच आहे ती फक्त मोटारीची, आणि ती केव्हाही खाली करता आली असती. जाल्लोत मला याहून जड प्रसंग दुसरा माहीत नाही. खुनी कोण ते इथे सांगत नाही. त्या उत्तराने कॅथलिक इटलीला जिथे लागायचं तिथेच लागलं.

कारागिरीच्या बाजूबद्दलही सांगितलं पाहिजे. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळी आवाज नोंदवत नसत; इंग्लिश नट इंग्लिशमध्ये, जर्मन नटी जर्मनमध्ये, स्पॅनिश नट स्पॅनिशमध्ये बोलायचा आणि नंतर सगळ्यांना डबिंगचे आवाज चढवले जायचे. त्यामुळे या चित्रपटांतली माणसं किंचित अधांतरी वाटतात, ओठ आणि आवाज यांत फट राहते. कुणाला तो दोष वाटतो. खुनी फोनवर कुजबुजतो तेव्हा मात्र हाच दोष कामाला येतो, कारण आवाज बाईचा की पुरुषाचा याचाही पत्ता लागत नाही. काळ्या हातमोज्यांचं काम तेच आहे. हातावरून वय, लिंग, कष्ट, सगळं कळतं, ते सगळं झाकलं जातं. आर्जेन्तोच्या चित्रपटांत खुन्याचे हात बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे असत. मोरिकोनेने तर ‘पक्षी’ मध्ये एद्दा देल्लोर्सोच्या शब्दहीन गाण्याला श्वासांची जोड दिली. ते ऐकताना बाई गाते आहे की धापा टाकते आहे हे ठरत नाही.

आता पापाकडे. या चित्रपटांत बायका मरतात, सावकाश मरतात, आणि कॅमेरा त्यांच्या देखणेपणावर आणि वेदनेवर सारख्याच आवडीने रेंगाळतो. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. चाहते म्हणतात की जाल्लोत पुरुषही मरतात, पुष्कळदा खुनी बाईच निघते, तिच्यावर झालेला जुना अत्याचार उघडा पडतो. ते खरं आहे. चांगल्या चित्रपटांत बाईला दुबळी समजणाऱ्याचाच तपास फसतो, हेही खरं आहे. पण खंडीभर चित्रपटांत असलं काहीही नाही; तिथे फक्त सुरा आहे आणि कमी कपड्यांतली मुलगी आहे. फुल्चीसारख्या माणसानेच १९८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या खुन्यावर जो चित्रपट केला तो मला पाहवत नाही, आणि त्याच्या कलात्मकतेचे गोडवे गाणाऱ्यांशी मी सहमत होणार नाही. माझी कसोटी साधी आहे. खून पाहताना, बघणारा कोण आणि तो का बघतो आहे, असा प्रश्न चित्रपट विचारतो का? ‘पक्षी’ विचारतो. ‘बदकाचं पिल्लू’ विचारतो. उरलेल्यांतले थोडेच विचारतात.

सर्वांत नेटाने हा प्रश्न विचारला तो ‘प्रोफोंदो रोस्सो’ने, म्हणजे ‘गडद लाल’ने. मार्च १९७५. कथा रोमची, पण बाह्यचित्रण मुख्यतः तोरिनोमध्ये. नायक मार्क हा इंग्लिश पियानोवादक, आणि त्या भूमिकेसाठी आर्जेन्तोने डेव्हिड हेमिंग्जला घेतलं ते मुद्दाम. १९६६ च्या आन्तोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ मध्ये हाच हेमिंग्ज छायाचित्रकार होता, ज्याच्या कॅमेऱ्यात नकळत खून टिपला जातो आणि जितका तो फोटो मोठा करत जातो तितकं त्यात काहीच दिसेनासं होतं. आन्तोनिओनीने प्रश्न अधांतरी सोडला, आर्जेन्तोने उत्तर दिलं.

रात्री रिकाम्या चौकात कारंज्यापाशी मार्क त्याच्या दारुड्या मित्राशी बोलत उभा आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या परचित्तज्ञानी बाईला कुणीतरी खिडकीच्या काचेतून आरपार ढकलतं. मार्क जिना चढून धावतो, घराच्या लांब बोळातून जातो. दोन्ही बाजूंना चित्रं टांगलेली, विकट चेहऱ्यांची. पोलीस आल्यावर त्याला वाटतं की मघाशी एक चित्र होतं ते आता दिसत नाही. चित्रपटभर तो त्या नसलेल्या चित्राचा शोध घेतो. जान्ना नावाची पत्रकार त्याच्या मदतीला येते, दारिया निकोलोदीने तिला इतकं जिवंत केलं आहे की पंजा लढवताना ती मार्कला हरवते ते अगदी खरं वाटतं. मार्कच्या मित्राची आई एके काळची नटी असते. ती केली आहे क्लारा कालामाईने. व्हिस्कोन्तीच्या १९४३ च्या ‘ओस्सेस्सिओने’ची हीच नायिका, तिच्या घरातल्या भिंतींवर तिचीच तरुणपणीची छायाचित्रं लावलेली आहेत. इटालियन प्रेक्षकाला त्यांची ओळख सांगावी लागत नव्हती.

आणि तो बोळ. मार्क पहिल्यांदा तिथून जातो तेव्हाच खुन्याचा चेहरा पडद्यावर दाखवलेला आहे. क्षणभर, पण स्पष्ट. आर्जेन्तोने कापाकापी केलेली नाही, अंधार केलेला नाही, आपली फसवणूक केलेली नाही. भर उजेडात दाखवूनही आपण पाहिलं नाही, कारण त्या चेहऱ्याला आपण आधीच चित्रांत जमा करून टाकलं होतं. चित्रपट संपवून पुन्हा त्या जागी येऊन थांबणं हा माझ्या मते जाल्लोचा सर्वोच्च आनंद आहे. मोरिकोनेच्या जागी इथे गोब्लिन हा तरुण रॉक बँड आला आणि त्यांच्या संगीताची रेकॉर्ड इटलीत खपाच्या यादीत पहिली आली.

त्यानंतर ओहोटी लागली. १९७६ मध्ये घटनान्यायालयाच्या निकालाने खाजगी स्थानिक टीव्हीला दार उघडं झालं आणि घरबसल्या रोज चित्रपट दिसू लागले. १९७५ साली इटलीत पन्नास कोटींच्या वर तिकिटं विकली गेली होती. १९८० पर्यंत आकडा निम्म्याहून खाली आला. तिसऱ्या फेरीची थिएटरं बंद पडली आणि जाल्लोचा प्रेक्षकच उरला नाही. अमेरिकेने यातला सुरा, मुखवटा आणि खुन्याच्या नजरेतून फिरणारा कॅमेरा उचलला. ‘हॅलोविन’ १९७८ मध्ये आला, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ १९८० मध्ये. बाव्हाच्या १९७१ च्या एका चित्रपटातले दोन खून ‘फ्रायडे’च्या दुसऱ्या भागात जवळजवळ जसेच्या तसे दिसतात. साक्षीदार मात्र अमेरिकेने घेतला नाही. तिथे मुलं पळतात आणि मरतात, काय पाहिलं याचा विचार करायला कुणी थांबत नाही. बाव्हा एप्रिल १९८० मध्ये गेला, तेव्हा त्याच्या देशात त्याची गणना कारागिरांत होत होती. १९८२ मध्ये आर्जेन्तोने ‘तेनेब्रे’ करून या प्रकाराची शेवटची मोठी कलाकृती दिली.

ज्यांना हे चित्रपट पाहायचे असतील त्यांनी आधी बाव्हाचा ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’, म्हणजे ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’, पाहावा, मग ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’, मग ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’, आणि ‘डीप रेड’ शेवटी. इंग्रजी नावांनी ते सापडतात आणि आता त्यांच्या दुरुस्त केलेल्या, रंग परत आणलेल्या प्रतीही निघाल्या आहेत. रक्त सोसत नसेल तर फक्त पहिला, काळापांढरा, १९६३ चा ‘द गर्ल हू न्यू टू मच’ पाहिला तरी चालेल. आणि ‘डीप रेड’ पाहण्याआधी त्याच्याबद्दल आणखी काही वाचू नका.